हेरांचे सूट: शिवण चांगली की अंग चांगलं?

केळेवाडीकर
मंडळी, डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे, दादरला हॉल, संध्याकाळी रिसेप्शन. गेल्या दोन्ही लग्नांत मी तोच मरून कुर्ता घातला म्हणून आईने फर्मान काढलंय की यंदा सूट शिव आणि नीट शिव. आता सूट म्हटलं की मला हेरपटच आठवतात, दुसरं काही सुचतच नाही. तर 'स्कायफॉल'मधला जेम्स बाँडचा तो करडा सूट (ट्रेनच्या फाटलेल्या डब्यात उडी मारून उतरतो आणि आधी शर्टाचा कफ नीट करतो तो सीन) फोनवर घेऊन ठाकूरद्वारच्या आमच्या जुन्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, परत लहान करून बघितला आणि विचारलं, "याला कापड कमी पडलं होतं काय?"

मला हसू आलं पण उत्तर देता येईना. घरी येऊन परत सिनेमा लावला तर खरंच बटणापाशी कोट ताणलेला दिसतोय. मग इतकी वर्षं मला ते भारी का वाटत होतं? म्हणून विचारतोय, कुठल्या हेराचा सूट खरोखर चांगला शिवलेला आहे आणि कुठे नुसती बॉडी आणि कॅमेरा आहे? आणि यातलं काही मुंबईत, आपल्या घामात, आपल्या पोटावर जमण्यासारखं आहे का?

अर्धाकप
रुमाल टाकून ठेवतो. कोटाच्या वरच्या खिशात.

टेरिकॉट
मास्तरांना दंडवत. त्यांचा नंबर देऊ नका पण दुकानाची गल्ली व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मास्तरपुत्र
माझे वडील लालबागला कटिंग मास्तर होते, मी स्वतः बँकेत चिकटलो पण कोट उघडून आत काय आहे ते बघायची खोड गेली नाही. तर तुमचे मास्तर शंभर टक्के बरोबर आहेत.

बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट कमरेत कमी आहे, एवढं सोपं आहे. 'स्कायफॉल' (२०१२) आणि 'स्पेक्टर' (२०१५) दोन्हींची वेशभूषा जॅनी टेमिमची, सूट टॉम फोर्डचे. कापड उत्तम, हातकाम उत्तम, पण फिटिंग मुद्दाम इतकं आवळलंय की बाँड झालेला डॅनियल क्रेग नुसता उभा राहिला तरी कोट ओरडतो. शिवाय लांबी कमी, आणि पँट कमरेच्या खाली बसणारी, त्यामुळे कोटाच्या बटणाखाली शर्टाचा त्रिकोण डोकावतो. पँट बेंबीच्या जवळ बसली की हा त्रिकोण आपोआप जातो आणि पाय लांब दिसतात. आता हे लग्नातल्या मुलांना सांगितलं तर म्हणतात काका आजोबांची पँट नको. (मी बेचाळीसचा आहे हो.)

नाखवा
'स्पेक्टर'मध्ये आपल्या सेन्सॉरने चुंबनांवर कात्री चालवली होती आठवतंय का? चुकीच्या जागी चालवली. कोटाची शिवण उसवायला हवी होती.

कोकमसरबत
हसून हसून पुरेवाट नाखवा

सोनटक्का
पण मला एक कळत नाही. तो सूट घट्ट आहे हे तुम्ही म्हणताय, आणि थिएटरमध्ये तो बघून अख्खं जग म्हणालं वा वा. म्हणजे वेशभूषाकाराचं काम झालंच की. टेमिमला टेलरिंगच्या परीक्षेत पास व्हायचं नव्हतं, एक थकलेला, जखमी, तरीही अंगात ताकद असलेला माणूस दाखवायचा होता. कोटातून खांदे बाहेर पडतायत असं वाटणं ही त्या पात्राची गरज असेल. शिवण आणि वेशभूषा यात तुम्ही लोक गल्लत करताय असं माझं मत.

मास्तरपुत्र
सोनटक्का ताई, मुद्दा मान्य, पण अर्धाच. तोच क्रेग 'कसिनो रॉयाल' (२००६)मध्ये बघा, वेशभूषा लिंडी हेमिंगची. तिथे ताकद दिसते आणि कोट ताणलेला नाही. उलट तिथे कपड्याचा गोष्टीत वापर केलाय, नायिका व्हेस्पर त्याच्यासाठी डिनर जॅकेट शिवून आणते, नुसत्या नजरेने माप घेऊन. तो आधी कुरकुरतो, मग घालून आरशात बघतो आणि गप्प होतो. एक संवाद न बोलता कळतं की हा माणूस आता वेगळ्या वर्गात जाऊन बसला आणि बसवणारी ती आहे. वेशभूषा म्हणतात ती ही.

रिटायर्ड_रेल्वे
तुम्ही सगळे क्रेगवरच अडकलात. मी 'गोल्डफिंगर' कॉलेज बुडवून बघितलाय, फोर्टात, पुढच्या रांगेत. शॉन कॉनरीचा बाँड पाण्यातून बाहेर येतो, डायव्हिंगचा काळा सूट उतरवतो आणि आत पांढरं डिनर जॅकेट, तेही कोरडं ठणठणीत, आणि वर लाल कार्नेशन खोचतो. पब्लिकने शिट्ट्या मारल्या होत्या. आज तुम्ही विचाराल की इस्त्री कशी मोडली नाही. तेव्हा कोणी विचारलं नाही.

आता माहितीचं. कॉनरी हा एडिंबराचा, दूध टाकणारा, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला गडी. 'डॉ. नो' (१९६२)चा दिग्दर्शक टेरेन्स यंग हा स्वतः आयरिश गार्ड्समध्ये अधिकारी होता, त्याला कपड्यातलं कळायचं. त्याने कॉनरीला आपल्या स्वतःच्या टेलरकडे नेलं, अँथनी सिंक्लेअर, लंडनची कंडुइट स्ट्रीट. शर्ट टर्नबुल अँड अ‍ॅसरचे, कफ दुमडलेले पण कफलिंक न लावता दोन बटणांचे. आणि मग यंगने त्याला सांगितलं की सूट घालून झोप. खरंच झोपायला लावलं असं सांगतात. हेतू एवढाच की कोट अंगावर आहे हे तो विसरला पाहिजे.

आमच्याकडे नवरदेव सूट घालतो तेव्हा दोन्ही हात शरीरापासून वीतभर लांब धरून चालतो. कारण तो सूट त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घातलेला असतो.

केळेवाडीकर
काका हे जबरी आहे. म्हणजे मी आधी घरात घालून फिरू? आई ओरडेल, भाजीचे डाग पडतील म्हणून.

टेरिकॉट
झोपू नका पण. आपल्याकडे पंख्याखाली सूट घालून झोपलात तर सकाळी हेर नाही, पेशंट उठेल.

विदुला_के
रिटायर्ड काकांच्या प्रतिसादात भर. १९६९च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'चा जॉर्ज लेझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल, अभिनयाचा अनुभव शून्य. ऑडिशनच्या आधी तो थेट सिंक्लेअरकडे गेला, कॉनरीने न नेलेला एक सूट तिथे पडला होता तो मिळवला, कॉनरीच्याच न्हाव्याकडे केस कापले, हातात रोलेक्स चढवलं, आणि भूमिका खिशात. सिनेमात मग त्याचे कपडे दुसऱ्याने शिवले, डिमी मेजरने. पण पहिला दरवाजा उघडला तो उसन्या कोटाने.

अर्धाकप
म्हणजे आमच्या चाळीत मुलगी बघायला जाताना वरच्या मजल्यावरच्या दिनूचा कोट न्यायचे, ती परंपरा आंतरराष्ट्रीय आहे तर.

जोशीबुवा_मुलुंड
मला या सगळ्याचीच गंमत वाटते. हेराचं काम काय, दिसू नये. आणि हे बाँडबुवा प्रत्येक हॉटेलात असे शिरतात की वेटरपासून खलनायकापर्यंत सगळे वळून बघतात. वर स्वतःचं खरं नाव सांगतात! सीआयएच्या वेशांतर विभागाच्या माजी प्रमुख जोना मेंडेझ यांच्या मुलाखती आहेत, त्या सांगतात की त्यांना हवा असायचा तो कोणाच्याच लक्षात न राहणारा करडा माणूस. लिफ्टमध्ये शेजारी उभा राहिला आणि उतरल्यावर तुम्हाला त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगता येऊ नये. असा माणूस ड्यूक ऑफ विंडसर स्टाइल टाय बांधून येईल काय?

विदुला_के
जोशीबुवा, टायचं नाव काढलंत म्हणून. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या १९५७च्या मूळ कादंबरीत बाँडला ट्रेनमध्ये भेटलेल्या ग्रांट या मारेकऱ्याच्या टायची विंडसर गाठ बघून संशय येतो, अशी गाठ बांधणारा माणूस त्याला पटत नाही. १९६३च्या सिनेमात तोच ग्रांट माशाबरोबर लाल वाइन मागवतो आणि त्यावरून बाँडला मागाहून उलगडतं की इथेच कळायला हवं होतं. दोन्हीकडे मुद्दा एकच, कपडे आणि जेवण ही ओळखपत्रं आहेत आणि खोटी असली की चुकीच्या ठिकाणी फाटतात.

नाखवा
माशाबरोबर लाल वाइन! आमच्याकडे माशाबरोबर सोलकढी सोडून काहीही मागवलं तरी संशय घेतात.

जोशीबुवा_मुलुंड
हेच म्हणतोय. आणि खऱ्या हेरगिरीत तर शिंपीकाम फारच गंभीर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची एसओई नावाची संस्था एजंट फ्रान्समध्ये उतरवायची, त्यांचे कपडे शिवायला युरोपातून पळून आलेले निर्वासित कारागीर ठेवले होते. कॉलरचा आकार, आतल्या शिवणी, सगळं तिकडच्या पद्धतीचं. बटणसुद्धा, इंग्लंडात दोरा फुलीसारखा घालायचे तर तिकडे दोन समांतर रेघा. ब्रिटिश लेबलं काढायची, कपडे मुद्दाम जुने करायचे. एका बटणाच्या दोऱ्यावर माणसाचा जीव. हे दाखवणारा सिनेमा मला डिनर जॅकेटवाल्यापेक्षा जास्त आवडेल.

मास्तरपुत्र
अहाहा. हे वडिलांना सांगायला हवं होतं. ते म्हणायचे, बटण कोणी लावलं ते मला दोऱ्यावरून कळतं.

सोनटक्का
जोशीबुवा, न दिसणाऱ्या हेराचे सिनेमे आहेत ना पण. मायकेल केनचा हॅरी पामर, 'द इप्क्रेस फाइल' (१९६५). जाड काड्यांचा चष्मा, रेनकोट, स्वतः स्वयंपाक करतो, पगारवाढीवर वाद घालतो. आणि गंमत म्हणजे निर्माता हॅरी साल्ट्झमन, जो बाँडपटांचा निम्मा निर्माता! संगीत जॉन बॅरी, नेपथ्य केन अ‍ॅडम, दोघेही बाँडवालेच. तेच दुकान, समोरच्या काउंटरवर उलटा माल.

आणि आपल्याकडे 'द फॅमिली मॅन' आलं २०१९ला. श्रीकांत तिवारीचे शर्ट बघा, इनशर्ट केलेले, रंग उडालेले, हे शर्ट मी रोज सकाळी ठाणे लोकलमध्ये बघते. बायको त्याच्यावर नाराज आहे हे त्याच्या शर्टावरून कळतं. मला ती वेशभूषा कुठल्याही बाँडपेक्षा अवघड वाटते, कारण चांगली झाली की ती कोणाला दिसतच नाही आणि बक्षीस मिळत नाही.

केळेवाडीकर
ताई पण लग्नाला मी श्रीकांत तिवारी होऊन गेलो तर आईला फरकच कळणार नाही, मी तसाच दिसतो.

कोकमसरबत
हिंदीत सूटवाला हेर टिकलाच नाही ना? जीतेंद्रचा 'फर्ज' (१९६७), एजंट ११६, तेलुगूवरून घेतलेला, पण लक्षात काय राहिलं तर पांढरी पँट आणि पांढरे बूट. सलमानच्या टायगरचा गळ्यातला स्कार्फ. 'पठाण'मध्ये शाहरुखचे केस आणि कार्गो. सगळीकडे अंग दाखवायचं, कोट दाखवायचा नाही.

रिटायर्ड_रेल्वे
कारण हवामान! या देशात कोट घालणारा हेर मे महिन्यात पकडला जाईल, नुसत्या घामाच्या वासावरून.

बाकी जीतेंद्र गिरगावचा, त्याच्या पांढऱ्या बुटांना नावं ठेवू नका. त्या काळात आमच्या वाडीतल्या पोरांनी खडूने बूट रंगवले होते.

टेरिकॉट
काका, रॉजर मूरचं काय? सफारी! आमच्या वडिलांच्या पिढीतल्या प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याने सफारी शिवली त्याचं पाप त्याच्या डोक्यावर घालायचं का?

रिटायर्ड_रेल्वे
त्याच्या डोक्यावर नाही, आपल्याकडची सफारी आधीपासून होती आणि तिला वेगळी कारणं होती, चार खिसे आणि टाय नको. पण मूरची निंदा मी ऐकून घेणार नाही. त्याचे सुरुवातीचे बाँड सूट सिरिल कॅसलने शिवले, हा त्याचा टीव्हीवरच्या दिवसांपासूनचा टेलर. नंतर अँजेलो रोमा आणि शेवटच्या तीन सिनेमांत डग्लस हेवर्ड. कॉलर रुंद, पँटचे बॉटम रुंद, ती सत्तरीची फॅशन सोडा, पण हेवर्डचे सूट आज काढून घातले तरी चालतील. 'ऑक्टोपसी' आपल्या उदयपूरला झाला, १९८३ला आला, त्यातलं हस्तिदंती डिनर जॅकेट बघा. छातीत जागा, कमरेत हलकी घडण, कुठे ताण नाही. त्या उन्हात तो माणूस एकटा सुखी दिसतो.

गोरेगाव_पूर्व
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. मी वेशभूषा विभागात आहे, मालिका आणि सिनेमा दोन्ही, नावं सांगत नाही. तुम्ही सगळे 'सूट' म्हणताय पण सिनेमात एक सूट नसतोच. अ‍ॅक्शन सीनचा कोट असला की त्याच्या प्रती लागतात. एक स्वच्छ, एक धुळीचा, एक बाही फाटलेला, एक रक्ताचा, रक्ताचेही टप्पे. मग स्टंट डबलचा वेगळा, तो मोठ्या मापाचा कारण आत पॅड आणि हार्नेस जातो, बाही थोडी जास्त लांब ठेवायची कारण हात वर करून लटकला की मनगट उघडं पडतं. सगळं एकाच थानातून कापायचं, नाहीतर कॅमेऱ्यात छटा बदलते आणि कंटिन्यूटीवाली (म्हणजे मीच कधी कधी) शिव्या खाते. पिअर्स ब्रॉस्ननच्या वेळी, 'गोल्डनआय' १९९५, लिंडी हेमिंगने इटलीचं ब्रिओनी निवडलं त्यात हाही व्यवहार होता, एकाच मापाचे इतके सूट वेळेत कोण देणार. लंडनचा म्हातारा शिंपी एकटा बसून देऊ शकत नाही.

आणि वापरून जुना करणं हे वेगळंच काम. आमच्याकडे एक ड्रेसदादा होते, नवा कोट घेऊन चहाचं पाणी, दगड, कानस लावून दुपारपर्यंत दहा वर्षांचा करायचे. कोपर कुठे झिजतं, खिसा कुठे लोंबतो, पात्र डावखुरं असेल तर उजवा खिसा कमी लोंबतो. हे पडद्यावर कोणी बघत नाही पण नटाला कळतं, तो हात आपोआप त्या खिशात घालतो.

मास्तरपुत्र
ताई, प्रतिसाद नाही, स्वतंत्र लेख लिहा.

केळेवाडीकर
+१०००

गोरेगाव_पूर्व
बघते. एक राहिलं. इथे सगळी नावं लंडन-रोमची चाललीत म्हणून, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून हिंदी सिनेमात, आणि 'गांधी'साठी १९८३चं ऑस्कर, जॉन मोलोबरोबर विभागून. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. २०१२ला त्यांनी ती बाहुली सांभाळायला अ‍ॅकॅडमीकडे परत दिली. खादीच्या पंचापासून व्हाइसरॉयच्या गणवेशापर्यंत एकाच सिनेमात. आमच्या विभागात नवीन कोणी आलं की मी आधी हे सांगते, मग सुई-दोरा देते.

कोकमसरबत
सलाम. अभिमान वाटला.

अर्धाकप
अवांतर: खलनायकांना नेहमी बंद गळ्याचा कोट का? डॉ. नो बंद गळा, ब्लोफेल्ड ('यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', १९६७) बंद गळा, मांडीवर मांजर. आपल्याकडे बंदगळा म्हणजे मुलीचा बाप. प्रत्येक रिसेप्शनला स्टेजवर जग नष्ट करायच्या तयारीत दोन-तीन जण उभे असतात.

नाखवा
मांजराच्या जागी आहेराची पाकिटं.

सोनटक्का
फुटले.

पण अर्धाकप, विचार केला तर त्यात राजकारण आहे. टाय लावणारा आपला आणि टाय नाकारणारा परका, संशयास्पद, पूर्वेचा. साठच्या दशकात नेहरू-माओंचे कोट तिकडच्या लोकांनी वर्तमानपत्रात रोज बघितले असणार. विनोद म्हणून ठीक, पण तो कोट उगाच निवडलेला नाही.

जोशीबुवा_मुलुंड
ताई हे पटलं. आज पहिल्यांदा आपलं एकमत.

विदुला_के
माझं मत विचाराल तर (कोणी विचारलं नाही) सगळ्यात मोठा हेर-सूट हेराचा नाहीच. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९, केरी ग्रांट, करडा बारीक चौकड्यांचा सूट, लंडनच्या किलगर, फ्रेंच अँड स्टॅनबरीने शिवलेला. तो जाहिरातवाला आहे, त्याला चुकून हेर समजतात. जवळजवळ अख्खा सिनेमा एकच सूट. विमान अंगावर येतं, तो शेतात आडवा पडतो, धुळीने माखतो, मग हॉटेलात तो सूट साफ करून इस्त्रीला देतात आणि ती कथेतली चाल आहे, पँट नाही म्हणजे माणूस खोलीतून बाहेर पडणार नाही. आणि त्याआधी, ज्या माणसाशी त्याची गल्लत झालीय त्याच्या खोलीत जाऊन तो त्याचे कपडे अंगाला लावून बघतो तर ते तोकडे. तिथेच कळतं की हा मी नव्हे. शिंप्याचं माप पुरावा म्हणून!

मास्तरपुत्र
आणि त्या सूटमध्ये तो पळतो बघा विदुला. पळताना कॉलर मानेला चिकटलेली राहते. ते कसं होतं सांगतो, कारण याचाच धागाकर्त्याला उपयोग आहे.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, वर पाहिजे, बगलेच्या जवळ. लोकांना वाटतं मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा हलेल. उलट आहे. मुंढा खाली असला की हात वर केल्यावर अख्खा कोट वर जातो, कॉलर मानेपासून सुटते. रेडीमेड कोटात मुंढा खालीच असतो कारण एकाच मापात सतरा माणसं बसवायची असतात. तुमच्या मास्तरांना सांगा मुंढा वर घ्या आणि बाहीला वरून थोडा झोल देऊन बसवा.

दुसरं, आत काय आहे ते विचारा. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये छातीला आधार देणारा थर असतो. स्वस्तात तो गोंदाने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. दोन-चार ड्रायक्लीनिंगनंतर गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. चांगल्या कोटात घोड्याच्या केसांचं कॅनव्हास हाताने टाके घालून बसवतात, ते अंगाच्या उबेने हळूहळू तुमच्या छातीचा आकार घेतं. रिटायर्ड काकांनी कॉनरीचं झोपायचं सांगितलं त्यात हेही आहे, नुसता नट कोटाला सरावत नाही, कोटही नटाला सरावतो. पूर्ण कॅनव्हास महाग पडेल, अर्धं घ्या, छातीपुरतं. आणि कच्च्या टाक्यांची ट्रायल घ्याच. पांढरे धावदोरे दिसतात ती. ती न देता थेट तयार कोट देणाऱ्याकडे जाऊ नका.

केळेवाडीकर
आमचे मास्तर ट्रायल देतात. पण कापड? उकडतं हो. हॉलमध्ये एसी आहे पण पंगत बाहेरच्या लॉनवर.

टेरिकॉट
माझं नाव टेरिकॉट असलं तरी सांगतो, पॉलिएस्टर घेऊ नका. चकाकतं आणि आत भट्टी. ट्रॉपिकल वूल मागा, २५० ग्रॅमच्या आसपासचं, विरळ विणीचं, उजेडासमोर धरलं की पलीकडचा बल्ब दिसला पाहिजे. लोकर म्हटलं की लोक घाबरतात पण बारीक लोकर हवा खेळती ठेवते आणि चुरगळत नाही. लिनन छान, पण दादर स्टेशनच्या पुलावरून उतरेपर्यंत त्याची रया जाते. मंगलदास मार्केटला सकाळी जा, दुपारी गर्दीत कापडाचा रंगच कळत नाही, आणि निवडलेला तुकडा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. अस्तर पाठीला अर्धंच लावायला सांगा.

विदुला_के
संध्याकाळचं आहे तर मिडनाइट ब्लू बघा. दिव्याखाली काळ्यापेक्षा काळा दिसतो, काळा उलट हिरवट-तपकिरी मारतो. क्रेगने 'स्कायफॉल'मध्ये डिनर जॅकेट घातलंय ते याच रंगाचं, त्या सिनेमातलं तेवढं घ्या.

सोनटक्का
आणि 'किंग्समन' बघून डबल ब्रेस्टेडच्या (पुढे बटणांच्या दोन रांगा असतात त्या कोटाच्या) मोहात पडू नका. अ‍ॅरियन फिलिप्सची वेशभूषा सुंदर आहे, टेलरचं दुकान हेच हेरांचं कार्यालय ही कल्पनाही सुंदर, बाहेरचं दुकान खरं सॅव्हिल रो ११ वरचं हंट्समन. पण कॉलिन फर्थ उंच आहे. शिवाय डबल ब्रेस्टेड उघडा ठेवून चालत नाही, आणि पंगतीत बसल्यावर तुम्ही बटण उघडणार. उघडणारच.

मास्तरपुत्र
ताई तंतोतंत. पोट असलेल्या माणसाला डबल ब्रेस्टेड चांगलं दिसतं म्हणतात ते उभं असेपर्यंत.

केळेवाडीकर
पोट कोणी सांगितलं तुम्हाला??

अर्धाकप
पहिल्या पोस्टमध्ये स्वतःच लिहिलंयत शेठ. "आपल्या पोटावर."

केळेवाडीकर
बरं. तर मास्तरांकडे आज परत गेलो. क्रेगचा फोटो डिलीट केला, 'डॉ. नो' आणि केरी ग्रांट दाखवला. मास्तरांनी केरी ग्रांट बघून नुसतं "हं" केलं आणि टेप काढला. ठरलं ते असं: मिडनाइट ब्लू, सिंगल ब्रेस्टेड, दोन बटणं, मुंढा वर, छातीपुरतं कॅनव्हास, पाठीला अर्धं अस्तर. मुंढ्याचं मी बोलल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कोणी शिकवलं?" मी लालबाग म्हणालो. मग चहा आला.

पुढच्या वर्षी वजन वाढलं तर म्हणून शिवणीत माया भरपूर ठेवायला सांगितलीय. ते म्हणाले ठेवतो, पण उतरलं तर जास्त आनंद होईल.

नाखवा
लग्न डिसेंबरात आहे हे सांगितलंत? चूक. नोव्हेंबर सांगायचं असतं.

जोशीबुवा_मुलुंड
डावीकडे बगलेत जागा ठेवायला सांगा. जुने टेलर म्हणे पिस्तुलासाठी ठेवायचे. तुम्हाला पॉवरबँक.

केळेवाडीकर
एकच शंका उरली. मास्तर विचारत होते पँटला बेल्टचे लूप ठेवू की नको. मी विचारून सांगतो म्हटलं.

मास्तरपुत्र
नको. कॉनरीच्या पँटला लूप नाहीत, दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि बटणं आहेत, कमर तिथून आवळायची. बेल्टचं बक्कल कोटाखाली पोटावर उंचवटा करतं, आणि पट्टी असली की जेवल्यावर तिचं बटण एक घर सैल करता येतं. मास्तर म्हणतील मजुरी वाढेल, द्या. लूप नंतरही लावता येतात, उरलेलं कापड मागून घ्या आणि कपाटात ठेवा.